ग्रे पोपटाचं पोट पाच मिनिटांत भरतं, उरलेल्या दिवसाचं काय?

सांगलीच्या गावभागातून एका ताईंनी विचारलंय. मुलाने हट्टाने आफ्रिकन ग्रे पोपट आणला, आता मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि सहा वर्षांचा बंड्या आईच्या गळ्यात पडला. पिंजरा गॅलरीत असतो. खाणं म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि दुधात कुस्करलेली चपाती. काही महिन्यांपासून तो छातीवरची पिसं उपटतोय आणि दिवेलागणीला घर डोक्यावर घेतोय. खायला काय द्यावं, आंघोळ किती वेळा, पिंजरा कुठे ठेवावा, गावाला जाताना त्याचं काय करावं, हे त्यांचे प्रश्न. शेवटी लिहिलंय, ‘रोज पिंजरा पुसते, वाटी भरते, पाणी बदलते. अजून काय करायचं राहिलं?’

ताई, वाटी, पाणी आणि पुसणं यात तुमची पंधरा मिनिटं जातात आणि बंड्याचं पोट पाच मिनिटांत भरतं. त्यानंतर सूर्य मावळेपर्यंत त्याला कामच नाही, राहिलंय ते हेच. हा पक्षी मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलातला. पहाटे थव्याने उठायचं, लांबवर उडत जायचं, तेलमाडाची फळं शोधायची, सोलायची, भांडायची, एकमेकांची पिसं साफ करायची आणि संध्याकाळी पुन्हा सगळ्यांनी मिळून झाडावर यायचं, असा त्याचा दिवस असतो. त्याचा मेंदू आणि चोच या कामासाठी घडलेली आहे. काम नसलं की तो स्वतःच शोधतो, आणि पिंजऱ्यात हाताशी असतात फक्त स्वतःची पिसं.

पण पिसं उपटतो म्हणजे कंटाळलाय, असं लगेच ठरवू नका. मी सांगलीत पशुवैद्यकाचा व्यवसाय करतो. गायी-म्हशींच्या आणि कुत्र्यांच्या गर्दीत आता पोपटही बरेच येतात, आणि असा पक्षी आला की मी आधी त्याचं डोकं बघतो. छाती, मांड्या, पंखांची आतली बाजू उघडी आणि डोक्यावरची पिसं मात्र जशीच्या तशी असली, तर पिसं तो स्वतःच काढतोय. डोक्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही. डोक्यावरचीही पिसं गेली असतील, किंवा नवी पिसं वेडीवाकडी, आवळल्यासारखी येत असतील, तर शंका आजाराची. पोपटांमध्ये चोच आणि पिसांचा एक विषाणूजन्य रोग आहे, त्याची खात्री रक्ताच्या किंवा पिसांच्या पीसीआर चाचणीने होते. शिवाय यकृत बिघडणं, अ जीवनसत्त्वाची कमतरता, पिंजऱ्यातलं जस्त पोटात जाणं, त्वचेचा संसर्ग, यातल्या कशानेही पक्षी पिसांच्या मागे लागतो. म्हणून तपासणी आधी. आणि तोवर उघड्या कातडीवर खोबरेल, हळद, कडुलिंबाचं तेल, बाम, यातलं काहीही लावू नका. तेल लागलं की शेजारची चांगली पिसं चिकटतात, पक्ष्याच्या अंगात ऊब राहत नाही आणि ते तेल तो चाटतोही.

तुमच्या लिहिण्यावरून मला तरी तीन-चार कारणं एकत्र आलेली दिसतात. खाणं अपुरं आहे, पिंजरा एकाकी जागी आहे, त्याचा माणूस अचानक निघून गेला आणि वयही नेमकं तारुण्याचं आहे. दिवस नीट बसवला तर यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारतात. तो कसा बसवायचा ते सकाळपासून सांगतो.

सकाळी चादर काढली की त्याच्याशी बोलायच्या आधी खालचा कागद बघा. तळाला रोज नवा साधा कागद हवा. लाकडाचा भुसा नको, त्यात बुरशी धरते आणि ग्रे पोपटांना बुरशीचा फुप्फुसाचा आजार लवकर होतो. रात्रभराची विष्ठा एका जागी पडलेली असते. तिच्यात तीन भाग दिसायला हवेत. हिरवट किंवा तपकिरी वळीसारखा मळ, चुन्यासारखा पांढरा भाग आणि भोवती थोडं पाणी. आदल्या दिवशी बीट दिलं असेल तर लाल, काकडी-कलिंगड दिलं असेल तर पातळ, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पांढऱ्या भागाला पिवळी किंवा पोपटी झाक आली, मळात न पचलेल्या बिया दिसल्या, किंवा मळच नाही आणि नुसतं पाणी आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पोपट आजार लपवतो. जंगलात अशक्त दिसणारा आधी शिकार होतो, म्हणून तो शेवटपर्यंत ताठ बसून राहतो. पिसं फुलवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पोपट आज आजारी पडलेला नसतो. तो बरेच दिवस आजारी असतो, आपल्याला आज दिसतो.

कागदाच्या खालोखाल वजन. किराणा दुकानात मिळतो तसला ग्रॅमचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, त्यावर एक छोटी लाकडी दांडी बसवा आणि रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाण्याच्या आधी, बंड्याला त्यावर बसवा. सुरुवातीला तो काट्याला घाबरेल. दोन-चार दिवस काटा नुसता टेबलावर पडू दे, मग त्यावर सूर्यफुलाचं एक बी ठेवा, मग दांडीवर एक पाय टेकवला की बी द्या. आठवड्याभरात तो आपण होऊन चढायला लागतो. काँगो जातीच्या ग्रेचं वजन साधारण ४०० ते ५५० ग्रॅम असतं. पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा, तो कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहीत जा. दहा टक्के वजन घटलं, म्हणजे ४५० चा ४०५ झाला, तर थांबू नका. वरून तो तितकाच गुबगुबीत दिसेल, पिसांच्या आत छातीचं हाड वर आलेलं असेल.

आता खाणं. यावर थोडं जास्त बोलतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ वाटीत असतं. सूर्यफूल, करडई, शेंगदाणा यांत तेल भरपूर. अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाकपुड्या चोंदतात, डोळ्याखाली सूज येते, तोंडात पांढरे चट्टे पडतात. तेल जास्त झालं की यकृतावर चरबी साठते. आणि ग्रे पोपटाचं एक खास दुखणं म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरणं. चांगला बसलेला पक्षी दांडीवरून धप्पकन खाली पडतो, पाय आखडतात, झटके येतात. घरचे म्हणतात नजर लागली. नजर लागत नाही, वाटीत कॅल्शियम नसतं.

म्हणून निम्म्याहून जास्त पोट मोठ्या पोपटांसाठी बनवलेल्या पेलेटवर, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांवर, भरू द्या, रोज दोन-तीन मोठे चमचे. पेलेट महाग वाटतात, पण उपचारापेक्षा स्वस्त पडतात. त्याबरोबर एक छोटी वाटी भाजी आणि मोड. गाजर, लाल भोपळा, लाल ढोबळी मिरची, रताळं, पिकलेली पपई, हे अ जीवनसत्त्वासाठी. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, ब्रोकोली हे कॅल्शियमसाठी. गावभागात शेवग्याचं झाड कोणाच्या तरी परड्यात असतंच, रोज एक डहाळी मागून आणा. पालक अधूनमधून, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो तुकडा पिंजऱ्याला अडकवून ठेवा. आणि पोपटाला मिरची आवडते ही म्हण नाही, खरी गोष्ट आहे. मिरचीतला तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे लाल मिरची खुशाल द्या.

मोड मटकीचे, मुगाचे, हरभऱ्याचे. राजमा कच्चा किंवा नुसता मोड आणलेला कधीच नको, शिजवलेलाच. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मोड आणि चिरलेली फळं दोन तासांच्या वर वाटीत राहू देऊ नका. आंबूस वास आला की टाकून द्यायचे. दुधातली चपाती बंद करा. पक्ष्याला दूध पचत नाही आणि भिजलेली चपाती उन्हात तासाभरात खराब होते. कोरड्या चपातीचा कोपरा कधीतरी दिला तर काही बिघडत नाही.

भडंग देऊ नका. सांगलीत राहून हे सांगणं जड जातं, पण मीठ, तेल आणि लसूण या तिन्ही गोष्टी त्याला वर्ज्य आहेत. कांदा, चहा-कॉफी, चॉकलेट, दारू, सफरचंदाच्या बिया याही वर्ज्य. अव्होकॅडो तर घरात आणू नका, त्यातलं पर्सिन नावाचं विष पोपटाच्या हृदयावर घाला घालतं. शेंगदाणे टरफलासकट देऊ नका. टरफलाच्या आत बुरशी असू शकते आणि आपल्याला ती दिसत नाही. माणसांच्या खायचे, निवडलेले, भाजलेले बिनमिठाचे दाणे बक्षीस म्हणून एक-दोन पुरेत.

द्राक्षांचं विचाराल म्हणून आधीच सांगतो. तासगाव, मिरजेकडून घरपोच पेट्या येतात, आणि पोपटाला अख्खा घड अडकवून दिला की छान दिसतो. पण द्राक्षाला काढणीपर्यंत फवारण्या असतात. बाग ओळखीची असली तर शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा, मणी सुटे करून दोन-तीन पाण्यांत धुवा, आणि दोन-तीन मण्यांच्या वर देऊ नका. बेदाण्याचं त्याहून कडक. तो वाळवायच्या आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवलेला असतो, पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरीही दिलेली असते. वर साखर भरपूर. पोपटाच्या खाण्यात बेदाणा नसला तर काही अडत नाही.

बिया एकदम बंद करू नका, हे मात्र लक्षात ठेवा. सहा वर्षं बियांवर वाढलेल्या पोपटाला पेलेट ही खायची वस्तू आहे हेच माहीत नसतं. तो वाटीसमोर बसून उपाशी राहील. सकाळी भूक कडक असते तेव्हा आधी भाजी-पेलेट ठेवा, दीड-दोन तासांनी थोड्या बिया. दर आठवड्याला बियांचं माप कमी करा आणि काट्यावर लक्ष ठेवा. सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे त्याच्यासमोर स्वतः खा. पोपट थव्यात खाणारा पक्षी आहे. तुम्ही गाजर कुरतडताय, चवीने ‘अहाहा’ म्हणताय आणि त्याला देत नाही, असं दोन-तीन दिवस केलंत की तोच मागायला लागतो.

बियांचं काम आता बदला. सूर्यफूल वाटीतून गेलं की ते तुमच्या हातात आलं. हातावर चढला, एक बी. काट्यावर बसला, एक बी. बोलावल्यावर पिंजऱ्यात परत गेला, एक बी. दिवसाला दहा-पंधरा बिया मजुरी म्हणून मिळाल्या की त्याच बिया त्याच्या तब्येतीला बाधत नाहीत आणि तुमच्याशी त्याचं नातंही जुळतं. तो चिरंजीवांचा पोपट होता, तुमचा व्हायला त्याला वेळ लागेल. दीर, सासरे, शेजारची पोरं, जो येईल त्याने एक बी हातावर द्यावं. एकाच माणसाला चिकटलेला पोपट पुढे दुसऱ्यांना चावतो, आणि तो माणूस गेला की काय होतं ते तुम्ही बघताच आहात.

उरलेलं खाणं लपवा. दुकानातली महागडी खेळणी लागत नाहीत. पळसाच्या पानाचा द्रोण घ्या, त्यात चार पेलेट आणि शेवग्याची चार पानं ठेवा, दुसरा द्रोण पालथा घालून कडा मुडपा आणि दांडीत खोचा. बंड्या आधी लांबून मान वाकडी करून बघेल. मग चोचीने एक काडी उपटेल, ती जिभेवर फिरवेल, टाकेल, दुसरी उपटेल. आत काहीतरी हललेलं ऐकू आलं की मात्र पाचच मिनिटांत द्रोणाचा भुगा होतो. चांदीसारखा मुलामा दिलेले कागदी द्रोण नकोत. मक्याचं कणीस सालांसकट द्या, वाटाण्याच्या शेंगा न सोलता द्या, जानेवारीत हुरड्याचं कणीस मिळालं तर अख्खं द्या. आटपाडीकडची डाळिंबं येतात तेव्हा एक फोड सालासकट, फक्त भिंतीला आधी पेपर लावा, नाहीतर रंगकामाचा खर्च येईल. करवंटीला भोकं पाडून टांगा. सुतळी वापरलीत तर आखूड ठेवा आणि तिचे धागे सुटले की बदला, पायाच्या बोटांना गुंडाळला गेलेला धागा मी बऱ्याचदा कापून काढलाय.

मेथी निवडायला बसाल तेव्हा त्याला शेजारी पाटावर घ्या. एक धुतलेली काडी त्याला, बाकीच्या तुम्हाला. पायात काडी धरून तो एकेक पान खुडतो, अर्धं खातो, अर्धं फेकतो. तुमची जुडी निवडून होईस्तोवर त्याच्या तीन काड्या होतात. पोपटाला वेगळा वेळ काढता येत नाही म्हणणाऱ्या घरांना मी हेच सुचवतो. फक्त हे माजघरात, स्वयंपाकघरात नाही.

स्वयंपाकघराचं कारण नीट समजून घ्या. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि सोबत हवेच्या पिशव्या असतात. श्वासातून आलेलं सगळं फार झटपट रक्तात जातं, चांगलं तसं वाईटही. नॉन-स्टिक तव्याचा थर जास्त तापला की त्यातून वायू निघतो. आपल्याला वासही येत नाही, पक्षी मिनिटांत जातो. मिरजेच्या एका घरी डोशाचा तवा गॅसवर तसाच राहिला, बाईसाहेब फोनवर बोलत होत्या, तव्याला काही झालं नाही, शेजारच्या खोलीतले दोन पक्षी मेलेले सापडले. घरात पोपट असेल तर बिडाचा तवा, लोखंडी कढई वापरा. एअर फ्रायर, इस्त्री, हेअर ड्रायर यांतही असा थर असू शकतो. मिरचीची फोडणी, मच्छर अगरबत्ती, कापूर, धूप-उद, झुरळांचा फवारा, परफ्यूम, हे सगळं त्याच्या खोलीबाहेर. पूजा देवघरात करा, बंड्या माजघरात असू दे, मधलं दार लावा.

पिंजरा गॅलरीतून आत घ्या. गॅलरीत दुपारचं ऊन, मांजर, उंदीर, क्वचित साप, शिवाय चोर. एक बाजू भिंतीला, दुसरी बाजू माणसांची ये-जा दिसेल अशी, डोळ्यांच्या उंचीला. पंख्याखाली नाही, कूलरच्या झोतात नाही. पिंजऱ्याची रुंदी आणि खोली प्रत्येकी दोन फूट, उंची तीन फूट याहून कमी नको, गजांमधलं अंतर दोन ते अडीच सेंटिमीटर. आपल्याकडे वेल्डिंगवाला गॅल्व्हनाइज्ड जाळीचा पिंजरा स्वस्तात करून देतो, पण त्यावरचं जस्त पोपट रोज खरवडून पोटात घालतो. स्टेनलेस स्टील किंवा चांगला पावडर कोटिंग केलेला घ्या. गोल पिंजरे शोभेचे, त्यात पक्ष्याला पाठ टेकायला कोपरा नसतो. दांड्या प्लास्टिकच्या, एका जाडीच्या नकोत. पेरू, जांभूळ, कडुलिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा, पायांना व्यायाम होतो. कण्हेर आणि रुई यांच्या फांद्या कधीच नाहीत, दोन्ही विषारी. मनीप्लांटची वेलही त्याच्या चोचीपासून लांब ठेवा.

सकाळचं कोवळं ऊन वीस-पंचवीस मिनिटं हवं. काचेतून आलेलं चालत नाही, त्यातून ड जीवनसत्त्व बनवणारी किरणं येत नाहीत आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. पिंजरा गॅलरीत न्या, अर्धा सावलीत ठेवा आणि तिथेच बसा. दुपारी चोच उघडी ठेवून धापा टाकतोय, पंख अंगापासून लांब धरलेत, म्हणजे ऊन लागलंय. पोपटाला घाम येत नाही. सावलीत घ्या, पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फ नको.

आंघोळ ग्रेला इतर पोपटांपेक्षा जास्त हवी, कारण त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सुटते. ती सगळ्या घरात बसते, आणि दम्याचा कोणी असेल तर त्याला त्रास होतो. साध्या पाण्याचा फवारा वरून पावसासारखा पडू द्या, थेट तोंडावर मारू नका. आठवड्यातून दोन-तीनदा, मार्च ते मे रोज, आणि दुपारी बाराच्या आत म्हणजे संध्याकाळपर्यंत कोरडा होईल. साबण नाही, ड्रायर नाही. पिसं उपटणाऱ्या पक्ष्याला तर आंघोळीचा विशेष फायदा होतो, कोरड्या कातडीची खाज कमी होते आणि नंतर तासभर तो पिसं विंचरण्यात गुंततो.

दिवेलागणीच्या ओरडण्याबद्दल. सकाळी आणि संध्याकाळी पोपट ओरडतोच, तो थव्याची हजेरी घेतो. तुमच्या घराजवळ नदीकाठच्या झाडांवर त्याच वेळी रानातले पोपट परततात, त्यांचा आवाज आला की याचाही सुरू होतो. त्यावर तुम्ही आतून ‘ए गप्प’ ओरडलात की त्याच्या हिशेबाने तुम्ही हजेरी दिलीत. त्याऐवजी एक ठरलेली शीळ द्या. त्याने शीळ घातली, बोलला, कोणताही हळू आवाज काढला की लगेच उत्तर द्या आणि जवळ जा. किंकाळीला उत्तर नाही. पहिले काही दिवस आवाज वाढेल, तेव्हा घरातल्या एकानेही कच खाल्ली तर सगळं पाण्यात. साडेपाचला, ओरडायच्या आधीच, दिवसातला सगळ्यात अवघड द्रोण द्या.

रात्री दहा-बारा तास झोप हवी. माजघरात अकरापर्यंत मालिका चालू आणि हा चादरीखाली जागा, हे पिसं उपटण्याचं एक दुर्लक्षित कारण आहे. साडेसात-आठला त्याला शांत खोलीत न्या, तिथे झोपायचा छोटा पिंजरा ठेवलात तरी चालेल.

वयाचं म्हटलं ते असं. पाच-सहा वर्षांचा ग्रे जोडीदार शोधत असतो. लाडाने पाठीवरून, शेपटीजवळून हात फिरवलात तर तो तुम्हाला जोडीदार समजतो आणि मग चिडचिड, चावे, उपटणं वाढतं. डोकं आणि मान खाजवा, तिथेच थांबा. खोके, सोफ्याखालची जागा, कपाटाचा उघडा कप्पा अशा अंधाऱ्या घरट्यासारख्या जागा बंद करा. बंड्या नर आहे हे कोणी सांगितलं, तेही विचारून ठेवा. ग्रेमध्ये नर-मादी दिसायला सारखेच, डीएनए चाचणीशिवाय कळत नाही. अंडं घालणारे ‘राजा’ आणि ‘बाजीराव’ माझ्या ओळखीचे आहेत. पोट फुगवून, जोर करत तळाशी बसला आणि अंडं अडकलं असेल तर ते तातडीचं काम असतं, म्हणून ही चाचणी उपयोगी पडते.

पंख कापू नयेत, असं माझं मत. कापलेला ग्रे धडपडून छातीवर आपटतो, घाबरट होतो, आणि कापलेल्या पिसांचे खुंट टोचतात म्हणून उपटायला नवं निमित्त मिळतं. रोज दोन-तीन तास बाहेर सोडा, पण आधी पंखा बंद, खिडक्या-दारं बंद, बादल्यांवर झाकण, गॅस बंद. मोकळा पोपट आणि चालू सिलिंग फॅन एका खोलीत कधीच नको.

तोंडातला घास त्याला देऊ नका, चोचीला ओठ लावू नका. आपल्या तोंडातले जंतू त्याला बाधतात. उलट त्याच्याकडून आपल्याला सिटॅकोसिस, म्हणजे पक्ष्यांपासून माणसाला होणारा फुप्फुसाचा संसर्ग, होऊ शकतो, ताप आणि कोरडा खोकला हटत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना घरात पोपट आहे हे आवर्जून सांगा.

गावाला जाताना दोन दिवसांचं खाणं घालून कुलूप लावणं चालणार नाही. ओळखीच्या घरी ठेवा, तिथे आधी दोन-तीनदा पाहुणा म्हणून नेऊन आणा. त्यासाठी प्रवासाचा छोटा पिंजरा हवा आणि तो नेहमी उघडा, आत खाऊ ठेवलेला, घरात दिसता हवा. गावभागात तर हे पावसाळ्याआधीच करा. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा लोक निघाले, आणि मोठा पिंजरा होडीत मावेना म्हणून पक्षी मागे राहिले. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की थांबू नका, ४५ च्या धोका पातळीची वाट बघू नका. पेलेटची पुडी, पाण्याची बाटली, काटा आणि कागदपत्रं घेऊन त्याला आधी उंचावरच्या नातेवाइकांकडे पोहोचवा.

कागदपत्रं म्हणजे काय तेही सांगतो. ग्रे पोपट जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. २०२४ च्या नियमांनुसार असे परदेशी पक्षी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात, मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. चिरंजीवांकडे खरेदीची पावती आणि नोंदणी आहे का विचारा. आणि याला सोबत म्हणून कोणी आपला रानातला पोपट किंवा पहाडी पोपट आणून देऊ लागला तर स्पष्ट नाही म्हणा, देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय नवा पक्षी कुठलाही असो, महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवल्याशिवाय बंड्याजवळ आणायचा नसतो.

पिसं परत येतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. मुळं शाबूत असली तर येतात, पण काही महिने लागतात, आणि मध्ये एखाद्या दिवशी तो आलेली कोवळी पिसं पुन्हा काढेल. तेव्हा रागावू नका, धावतही जाऊ नका. कॅलेंडरवर त्या दिवसाखाली लिहा, आदल्या रात्री काय झालं, घरात कोण आलं होतं, झोप किती झाली. नवं पीस मधोमध तुटून रक्त वाहत राहिलं तर स्वच्छ कापसाने दाबून धरा आणि निघा. तपासणीला आणाल तेव्हा सकाळी खालचा कागद बदलू नका, पिंजरा धुऊ नका. बंड्याला प्रवासी पिंजऱ्यात घाला, वर सुती पंचा टाका, आणि तो कागद, उपटलेली तीन-चार पिसं आणि वजनांचं कॅलेंडर पिशवीत घालून घेऊन या.